दोनशे तेरा चुका

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्याच्या कचेरीत मी एकतीस वर्षे आहे. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. या काळात विभागप्रमुखांच्या नेमणुकीचे नऊ आदेश माझ्या टेबलावरून गेले. त्यांपैकी आठ जणांविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नाही. ते प्रमुख होते, एवढेच. उरलेला एक म्हणजे काच विभागाचे फोरमन.

कामगार त्यांना दादा म्हणत. कचेरीत मात्र त्यांचे नाव चुकलोबा पडले होते.

कॉलेजात वाणिज्य शाखेला आम्हाला नेतृत्वावर एक प्रकरण होते. व्याख्या, प्रकार आणि चांगल्या नेत्याचे चौदा गुण. मी चौदाही पाठ केले होते आणि परीक्षेत त्या प्रश्नाला दहापैकी आठ मिळवले होते. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी ती यादी फोरमनना लावून पाहिली. ओढूनताणून तीन गुण जुळले. आवाज बारीक, अंगकाठी बेताची, आणि दूरदृष्टीचे म्हणाल तर दोन्ही डोळ्यांना उणे चारचा चष्मा.

त्यांची एक पद्धत होती. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, यंत्रे सुरू व्हायच्या आधी, विभागातले बावीस जण फळ्यासमोर जमत. फळा म्हणजे भिंतीला ठोकलेला, काळा रंग दिलेला पत्रा. फोरमन खडू घेऊन आधी स्वतःचे नाव लिहीत आणि पुढे आदल्या दिवशीची आपली चूक. 'डाव्या डोळ्याची काच उजव्या पाकिटात ठेवली.' 'यंत्र दोनचं पाणी बदलायचं विसरलो.' मग खडू दुसऱ्याकडे जाई. ज्या दिवशी स्वतःची चूक नसे त्या दिवशी ते विचारत, "माझी काल सापडली नाही. कोणाला दिसली का?" बहुधा कोणाला तरी दिसलेली असे.

फळ्यावर लिहिलेल्या चुकीबद्दल कोणी रागावायचे नाही, असा नियम होता. न लिहिलेली चूक नंतर उघडकीस आली तर मात्र शिक्षा होती. फोरमन एक स्टूल घेऊन त्या माणसाच्या शेजारी दिवसभर बसत. बोलत काही नसत. ही शिक्षा झालेला लांब्या नावाचा कामगार मला म्हणाला होता, "शिव्या परवडल्या हो. शिव्या दहा मिनिटांत संपतात."

ही पद्धत कुठून काढली, असे मी एकदा डबा खाताना विचारले होते. ते नवीन असताना त्यांनी एका म्हाताऱ्या मास्तरांच्या काचेचा कोन चुकीचा लावला होता. तिरक्या नंबराच्या काचेला कोन असतो. तो जरा सरकला की अक्षरे हलतात आणि डोके दुखते. चूक लक्षात आली होती, पण ओरडा खाण्यापेक्षा त्यांनी ती काच तशीच पाठवली. दोन महिन्यांनी मास्तर स्वतः कारखान्यात आले. तोवर त्यांनी वाचन सोडले होते आणि शिकवण्याही बंद केल्या होत्या.

"भांडले का?" मी विचारले.

"भांडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, मला वाटलं माझंच वय झालं."

एवढे सांगून फोरमननी डबा बंद केला.

तीन वर्षांपूर्वी मालकांनी कारभार जावयांकडे सोपवला. सगळे त्यांना समोर साहेब आणि मागे जावईबापू म्हणत. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचे, सगळ्यांना नमस्कार करायचे आणि शिकलेले बरेच होते. काच आणि फ्रेम हे दोन विभाग एक करून त्यांच्यावर एकच खरा नेता नेमायचा, असे त्यांनी ठरवले. त्यासाठी एक प्रशिक्षक दोन दिवसांकरिता बोलावला.

प्रशिक्षकाने आम्हाला डोळे मिटायला लावले आणि आपण जहाजाचे कप्तान आहोत अशी कल्पना करायला सांगितले. सभागृहात चाळीस माणसे होती. जहाज एकच होते. नंतर त्याने नेत्यांचे प्रकार सांगितले आणि एकेकाला आपली शैली विचारली. फ्रेम विभागाचा प्रमुख उभा राहिला. त्याला सगळे सेनापती म्हणत. आवाज असा, की पत्र्याच्या छपरावरची कबुतरे उडावीत. तो म्हणाला, "सर, मी पुढे चालतो, माणसं मागे येतात." टाळ्या झाल्या.

"आणि आपली शैली?" प्रशिक्षकाने फोरमनना विचारले.

फोरमननी थोडा विचार केला. "मी आठला येतो," ते म्हणाले.

मग कामगारांना प्रश्नावली दिली गेली. 'संकटाच्या वेळी तुमचा प्रमुख काय करतो?' या प्रश्नाला काच विभागातल्या सात जणांनी 'स्टूल घेऊन येतो' असे उत्तर दिले. प्रशिक्षकाने ते निष्क्रियतेच्या रकान्यात धरले.

त्यानंतर जावईबापूंनी मला गेल्या दोन महिन्यांतल्या चुकांचा विभागवार तक्ता करायला सांगितला. काच विभागातल्या तपासणीताई रोजचा फळा एका वहीत उतरवून ठेवत. ती वही मी मागून घेतली. दोनशे बारा चुका निघाल्या, त्यांपैकी एकेचाळीस स्वतः फोरमनच्या. फ्रेम विभागाच्या नोंदीत तीन चुका होत्या, आणि तिन्ही नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर. पाठवणी विभागात शून्य.

तक्ता सुबक झाला होता. तो खरा नाही हे मला करतानाच कळत होते. पण मला चुका मोजायला सांगितले होते, आणि मी मोजल्या.

देण्यापूर्वी एकदा नजर घालावी म्हणून मी तो फोरमनना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाशी धरला.

"भाऊसाहेब, एक राहिली. दोनशे तेरा पाहिजेत."

"कुठली?"

"वहीची दोन पानं चिकटली असतील. यंत्र चारची पट्टी मी उलटी बसवली होती. माझीच आहे. बेचाळीस करा."

मी बेचाळीस केले.

आठवड्याने आदेश निघाला. सेनापती दोन्ही विभागांचा प्रमुख, फोरमन स्टोअरमध्ये. आदेशात मी 'अनुभवाचा लाभ व्हावा म्हणून' असे शब्द घातले होते.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल, कपाटावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत. वहिनींनी चहा आणला आणि तिथेच दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"तीस वर्षं रोज सकाळी सगळ्यांसमोर मी चुकलो, मी चुकलो म्हणत आले," त्या म्हणाल्या. "शेवटी कोणीतरी ऐकलंच."

"तू आत जा गं," फोरमन म्हणाले.

"जाते. घरात एकदा तरी म्हणालात का ते?"

त्या गेल्यावर फोरमननी कप खाली ठेवला. "मला विभाग हवा होता, भाऊसाहेब," ते म्हणाले. "दीड वर्ष राहिलंय माझं. दुसरं काही येत नाही मला." चहा चांगला होता असे सांगून मी निघालो.

सेनापतीने पहिल्याच दिवशी फळा उतरवला आणि त्या जागी 'शून्य चूक विभाग' अशी पाटी लावली. आणि चुका खरोखर शून्य झाल्या. पहिल्या महिन्यात शून्य, दुसऱ्यात शून्य. तिसऱ्या महिन्यात जावईबापूंनी सेनापतीचा सत्कार केला.

चौथ्या महिन्यात एका शाळेतल्या नर्सबाई कारखान्यात आल्या. एका संस्थेने शाळांमधल्या सहाशे मुलांना चष्मे वाटले होते, काचा आमच्या होत्या. नर्सबाईंनी खोके टेबलावर ठेवले.

"यात एकशे चाळीस आहेत. मुलं वर्गात चष्मे काढून ठेवतात. म्हणतात डोकं दुखतं. शिक्षक म्हणतात नाटकं करतात. काहींनी घरी मार खाल्लाय. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घेतले. नंबर बरोबर आहे. कोन पाच अंशांनी सरकलाय. सगळ्यांचा."

जावईबापू तडक विभागात गेले. मी वही घेऊन मागे. यंत्रे बंद करवली आणि सगळ्यांना रांगेत उभे केले.

"कोणाची चूक आहे?"

कोणी बोलेना. सेनापतीने आवाज चढवला, "साहेब विचारतायत." माणसे आपापल्या चपलांकडे पाहू लागली. पाच मिनिटे गेली. स्टोअरची खिडकी विभागातच उघडते. तिथून फोरमन बाहेर आले, हात पुसत.

"मी चुकलो," ते म्हणाले.

जावईबापू वळले. "तुमचा काय संबंध?"

"कोन तपासायचा नवा साचा स्टोअरमधून मी दिला. नवा साचा आला की जुन्याशी ताडून बघायचा असतो. आदेशात होतं की स्टोअरने फक्त वस्तू द्यायची. मी रुसून तेवढंच केलं. ताडून बघितला नाही."

'रुसून' हा शब्द मी वहीत लिहिला आणि पुन्हा वाचला. मग रांगेतून लांब्याचा आवाज आला.

"दादा, मला तिसऱ्या दिवशी कळलं होतं. यंत्राची मूठ रोजच्या खुणेच्या अलीकडेच थांबत होती."

"मग?"

"मला वाटलं खूणच पुसली असेल."

"माझ्याकडे जुना साचा होता," तपासणीताई म्हणाल्या. "त्यात काचा चुकीच्या दिसायच्या. नव्यात बरोबर. मी जुना खणात टाकून दिला. म्हटलं, शून्य चूक विभागात मी एकटी कशाला शहाणी होऊ?"

कोणीतरी हसले. आणखी दोघे बोलले. सगळा घोळ दहा मिनिटांत उलगडला. जुना साचा खणातून आला, नव्याशेजारी ठेवला, आणि पाच अंशांचा फरक साध्या डोळ्यांनाही दिसला.

सगळ्यात शेवटी सेनापतीने घसा साफ केला. त्याचा आवाज इतका लहान असू शकतो हे मला ठाऊक नव्हते.

"लांब्या तेव्हा माझ्याकडे आला होता," तो म्हणाला. "मी त्याला सांगितलं, आपल्या विभागात चुका होत नाहीत, कामाला लाग."

लांब्याने सेनापतीचे नाव घेतले नव्हते. घेतले नसतेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापूंनी मला बोलावले. "फोरमननी कबुली दिलीय. त्यांच्यासाठी मेमो तयार करा."

"सहा जणांनी दिलीय, साहेब."

"सुरुवात त्यांनी केली."

मी वही बंद केली. "साहेब, तो चुकांचा तक्ता मी केला होता. ज्या विभागात चुका लिहितात, तिथल्या मोजल्या. जिथे लिहीत नाहीत, तिथे शून्य धरलं. हे मला तेव्हाही माहीत होतं."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"आपण विचारलं नव्हतं. आणि मलाही निवृत्तीपर्यंत शांतपणे जायचं होतं. माझा मेमो आधी काढा."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. एकतीस वर्षांत माझ्याकडे इतका वेळ कोणी पाहिले नव्हते. मग म्हणाले, "फोरमनना बोलवा."

फोरमन आले. खुर्चीवर बसा म्हटल्यावर काठावर टेकले.

"विभाग परत घ्या," जावईबापू म्हणाले. "आजपासून. सेनापतींना मी दुसरीकडे बघतो."

मी आदेशाचा कागद मनात जुळवायला लागलो होतो. फोरमननी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"नको, साहेब."

"राग आहे?"

"होता. म्हणून तर साचा ताडून बघितला नाही. पण त्याला काढू नका. तो कालच चुकायला लागलाय."

"म्हणजे?"

"काल त्यानं सगळ्यांसमोर तोंड उघडलं. आज त्याला हलवलात, तर बाकीचे काय शिकतील? बोलला तो गेला. पुढच्या वेळी साचा दहा अंशांनी सरकला तरी कोणी हूं की चूं करणार नाही."

"विभाग तुम्हाला नको आहे, असं लिहून घेऊ?"

फोरमननी खिडकीकडे पाहिले. तिथून विभागाचे छप्पर दिसत होते.

"तसं नका लिहू," ते म्हणाले. "ते खोटं होईल."

जावईबापूंनी टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि तिथेच ठेवला. मेमोचे काय करायचे ते त्यांनी मला सांगितले नाही, मीही विचारले नाही.

फोरमन उठले. दारात थांबून त्यांनी मला विचारले, "मुलांच्या काचा आज घासायला घेतल्या का?"

"घेतल्या. सेनापती स्वतः उभा आहे. सोमवारी जातील."

"त्याला सांगा, पहिल्या दहा माझ्याकडे पाठव. जुन्या साच्यावर बघून देतो." दोन पावले जाऊन ते पुन्हा वळले. "नाही, राहू दे. तपासणीताईंना बघू दे. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

आणि ते जिना उतरून स्टोअरकडे गेले. खिडकीशी दोघे जण पाण्याच्या नळीसाठी खोळंबले होते.