रागावले गो, रागावले!

खेळ म्हटला की मला कुठलाही चालतो. सागरगोटे, लंगडी, कॅरम, पत्ते, आणि काहीच नसेल तर खिडकीच्या गजावरून घसरणाऱ्या दोन थेंबांपैकी खाली आधी कोण पोचतो यावर स्वतःशीच पैज. हुतुतूच्या सामन्याला मी बांधावर उभी राहून इतकी ओरडायची की दोन्ही संघांनी मला हाकललेलं आहे. बुद्धिबळ त्यातल्या त्यात सभ्य, म्हणून लग्नानंतरही टिकलं. शिक्षकांच्या संमेलनात, महिला मंडळात मी वर्षानुवर्षं खेळले, पेल्यांपेक्षा स्टीलचे डबेच जास्त जिंकले, आणि आता निवृत्त झाले आहे. म्हणजे आता मला कोणी बोलावत नाही.

तुमचा सगळ्यात चांगला डाव कोणता, असं कोणी विचारलं की मी काहीतरी थाप मारते. कारण जो आठवतो तो मी वीस वर्षांची असताना आमच्या तोंडवलीच्या घरात खेळले, जिंकले, आणि अजून तो कोणाला सांगवत नाही.

माझे वडील तांडेल होते, म्हणजे मचव्याचे म्होरके. आठ महिने मचवा आणि समुद्र, चार महिने पाऊस आणि घर. या चार महिन्यांत त्यांना माणूस लागायचा, पट मांडून समोर बसवायला. मुलगा नव्हता, गावातले दोस्त हरले की भांडायचे, म्हणून मला सातव्या वर्षी सोंगट्या हातात मिळाल्या. लाड म्हणून नव्हे, गरज म्हणून. शिकवताना त्यांनी मला एकही डाव फुकट दिला नाही. चुकीची चाल झाली की पटाच्या कडेवर दोन टिचक्या मारायचे आणि रागाने रोखून बघायचे. त्यांचा राग सगळ्या वाडीला माहीत होता. आई तर त्यांच्या पावलांच्या आवाजावरून आज काय शिजवावं ते ठरवायची.

मी वीस वर्षांची होते त्या वर्षी श्रावणात ते पडवीत उभे होते ते बसले, आणि बसले ते उठले नाहीत. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मालवणहून डॉक्टर आले. त्यांनी जीभ दाखवा म्हटलं, डोळे मिटा म्हटलं. वडील वाशांकडे बघत राहिले. डॉक्टर ओसरीवर येऊन हळू आवाजात म्हणाले, "शरीर कदाचित सुधारेल. पण समज किती उरली आहे, हे सांगता येत नाही."

पहिले काही दिवस ते आईच्या मागे नजर फिरवायचे. मग एक दिवस तेही थांबलं. तोंड भिंतीकडे. पेज भरवली तर गिळायचे, हाक मारली तर डोळेही हलवायचे नाहीत. आम्ही समजलो, उरलंसुरलं तेही विझलं.

आता मला सांगायचं आहे ते सांगून टाकते, नाहीतर पुढे जाताच येणार नाही. एका दुपारी आई आणि मी त्यांची चादर बदलत होतो. त्या दिवसातली तिसरी. पावसाने काही वाळत नव्हतं, घरभर ओल्या कपड्यांचा वास, आणि मी कंबरेतून मोडले होते. त्यांना कुशीवर धरून ठेवलं असताना, त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर मी आईला म्हटलं, "असां पडान रवण्यापेक्षा सुटले असते तर बरां झालां असतां."

आईने चादरीचं टोक खोचलं आणि ती परसात गेली. मीही ते विसरले, म्हणजे विसरायचं ठरवलं. कारण त्यांना काही कळतच नाही, असं डॉक्टरांनी जवळजवळ सांगितलंच होतं.

गणपतीला धाकटे काका मुंबईहून आले. माणूस भला. भावाला बघून त्यांनी हंबरडा फोडला, आणि मग डोळे पुसून, मुंबईकर जसे करतात तसे, सगळं मार्गी लावायला बसले. बाजल्यापासून दोन हातांवर बसून ते आईला म्हणाले, "वयनी, दादाक आता काय्येक कळणा नाय. हयसर ठेवन तुमी काय करतल्यात? मुंबयक मोठा हॉस्पिटल आसा, थंय अशा माणसांका सांभाळतत. सोमवारी माझ्याबरोबर नेतंय."

"समुद्राशिवाय ते रवतले काय?" आईने विचारलं.

"तेंका समुद्र आणि भिंत, दोनय सारखीच," काका म्हणाले. तेही बाजल्यासमोरच.

आई सोमवारपर्यंत विचार करते म्हणाली. त्या दिवशी शनिवार होता.

दुपारी पाऊस इतका लागला की कोणाला बाहेर पडता येईना. काका कंटाळले. त्यांनी फळीवरून पट काढला आणि मला म्हणाले, "चल गो, एक डाव." ते मुंबईत ऑफिसातल्या लोकांकडून खेळायला शिकले होते आणि स्वतःला बरेच समजत. मी बाजल्याशेजारीच पट मांडला, कारण तिथेच उजेड होता. काकांनी सहाव्या-सातव्या चालीला एक उंट असा काही मूर्खासारखा पुढे घातला, की मी हसू दाबायला मान वळवली. आणि माझं हसू जागच्या जागी गोठलं.

वडिलांचं तोंड भिंतीकडे नव्हतं. ते पटाकडे बघत होते.

मी तो डाव तिथेच मोडला. सोंगट्या भरभर गोळा केल्या, तक्क्या आणि गोधड्या रचून वडिलांना टेकवून बसवलं, पाटावर पट ठेवला आणि विचारलं, "बाबा, खेळतल्यात?" काका म्हणाले, "कित्याक तेंका त्रास देतंस?" आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या हाताला तांदळाचं पीठ होतं.

मी राजापुढचं प्यादं एक घर सरकवलं आणि वाट बघितली. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांचा डावा हात गोधडीखालून निघाला. थरथरत पटावर आला, दोन प्यादी आडवी केली, आणि तिसरं एक घर पुढे गेलं.

आईने चौकट धरली. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडण्याची सोय नव्हती. प्यादं तर लहान मूलही ढकलतं. तो हात खेळत होता की नुसताच सवयीने चालत होता, हे त्या प्याद्यावरून कळणार नव्हतं. आणि मला ते कळायला हवं होतं सोमवारच्या आधी.

आम्ही खेळत गेलो. माझी चाल झटकन, त्यांची चाल मिनिटामिनिटांची. काही चाली बऱ्या, काही कशाही. आठव्या की नवव्या चालीला त्यांनी राजा उचलला आणि दोन घरं पुढे, एक घर बाजूला असा नेऊन ठेवला.

"बघ!" काका उठलेच. "राजा खंय असो उडता? दादाची बुद्धी गेली गो, कित्याक ह्यो छळ?"

"काका, आमच्यात राजाक एकदा घोड्याची उडी आसता. शह लागाक नसलो तर." हा जुना देशी नियम, आमच्या किनाऱ्यावर सगळे तसेच खेळत. विलायती पद्धतीने शिकलेल्या काकांना तो माहीत नव्हता.

काका खाली बसले, पण त्यांचं समाधान झालं नाही. "हात थरथारलो आसतलो. पडलो थंय पडलो." आणि खरं सांगायचं तर मलाही खात्री देता येईना. उडी नियमात होती, पण त्या क्षणी तिची काही गरज नव्हती. थरथरता हात सोंगटी कुठेही टाकू शकतो.

मग मी ते केलं. आयुष्यात कुठल्याही खेळात मी लबाडी केली नाही, सागरगोट्यातसुद्धा नाही, पण त्या दुपारी केली. मनात म्हटलं, काकांना पुरावाच हवा ना? मग बाबांना जिंकू दे. मी माझा वजीर उचलला आणि सरळ त्यांच्या हत्तीच्या तोंडात नेऊन ठेवला. आंधळ्यालाही दिसावा असा. एकदा त्यांनी तो मारला की काका गप्प बसतील आणि सोमवारी एकटेच जातील.

डावा हात आला. माझ्या वजिरावर थांबला. बोटं त्याच्या मानेभोवती आवळली.

"घेतलो! वजीर घेतलो!" काका ओरडले.

वजीर वर उचलला गेला. पण तो पटाबाहेर गेला नाही. त्यांनी तो हळूहळू, दुसऱ्या सोंगट्यांना धक्के देत, ज्या घरातून मी आणला होता त्याच घरात परत नेऊन ठेवला. मग पटाच्या कडेवर दोन टिचक्या मारल्या आणि माझ्याकडे बघितलं.

त्यांना राग आला होता. अर्धा चेहरा मेलेला, पण उरलेल्या अर्ध्यावर तो अख्खा राग, जसाच्या तसा.

"रागावले गो!" दारातून आई किंचाळली. "रागावले! रागावले!" जन्मभर ज्या रागाला भ्याली तो परत आला म्हणून ती पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडत होती, आणि हसतही होती.

काका उठले, भावाच्या पायावर डोकं ठेवून म्हणाले, "दादा, चुकलंय मी." मुंबईचं नाव त्यानंतर कोणी काढलं नाही.

मला मात्र आनंद झाला नाही. झाला असेल क्षणभर, पण लगेच दुसरं काही ध्यानात आलं. ते आत आहेत. म्हणजे ते आत होते. भिंतीकडे तोंड करून पडले होते तेव्हाही. आणि भिंतीकडे तोंड केव्हा केलं त्यांनी? मी दिवस मोजले. मी चादर बदलताना बोलले, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. आम्ही ज्याला समज जाणं म्हणत होतो तो रुसवा होता. रुसायला तर आमच्या घरात त्यांचा हात कोणी धरला नसता.

पण डाव संपलेला नव्हता, आणि ते वाट बघत होते. आता खरं खेळणं भाग होतं. थोड्या वेळात माझ्या लक्षात आलं की त्यांच्या उजव्या अंगाचं पटाचं टोक त्यांना दिसत नाही. तिथली माझी सोंगटी ते हिशेबात धरतच नव्हते. मी हत्ती त्या कडेने नेऊ लागले. प्रत्येक चालीला वाटे, हे खरं खेळणं की दुबळ्या जागी मारणं? मघाची लबाडी चालली नाही, हे तरी चालेल का? मी त्यांच्याकडे बघायची, ते पटाकडे बघत असायचे. शेवटी हत्ती त्याच कडेने खाली उतरला आणि मी म्हटलं, "शह. मात."

त्यांनी शोधलं. सापडेना. मग अख्खी मान कष्टाने उजवीकडे वळवली, तेव्हा त्यांना हत्ती दिसला. त्याच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. घशातून एक "हं" निघाला.

काका आईला सावरायला माजघरात गेले होते. आम्ही दोघंच होतो. मी विचारलं नसतं तर आयुष्यभर बरी झोपले असते, पण मला ते जमलं नाही. मी म्हटलं, "बाबा, त्या दिसा मी बोल्लंय, तां तुमी आयकलात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मान हलवली. होय.

एवढंच. तुझं चुकलं असं नाही, जाऊ दे असंही नाही. नुसतं होय. मला बोलायचं खूप होतं, दमले होते, चादरी वाळत नव्हत्या, मी तुमचीच मुलगी, पण त्यातलं एकही वाक्य त्या 'होय'पुढे उभं राहीना. मी पटावर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडले. सोंगट्या माझ्याखाली सांडल्या, गालाला टोचत राहिल्या.

मग त्यांचा डावा हात माझ्या डोक्यावर आला. मला वाटलं, कुरवाळताहेत. मी आणखीच रडले. हात जड होता, आणि तो दाबत होता. पुन्हा दाबत होता. थोड्या वेळाने मला कळलं की ते कुरवाळत नाहीत. ते माझं डोकं पटावरून बाजूला ढकलताहेत. माझ्या गालाखाली त्यांचा उंट अडकला होता, आणि आमच्या घरात पट हरलेल्यानेच मांडायचा असतो.

मी डोकं उचललं. त्यांनी उंट घेतला, आणि एका हाताने पट मांडायला बसले.