देवाजीभाऊंच्या मापाची रेसची गाडी

माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षाची, म्हणजे छप्पन्न-सत्तावन्न सालची गोष्ट. चांद्याच्या, आताच्या चंद्रपूरच्या, एका गॅरेजात मी आणि आई महिनाभर बांबूची मोटार विणत होतो… नात हे टाइप करताना हसतेय, पण खरंच.

आम्ही बुरूड, सुपं-टोपल्या विणणारे. गॅरेजचे मिस्त्री देवाजीभाऊ यांनी एका लाकूड ठेकेदारासाठी रेसची गाडी आखली होती. बुटकी, गोल नाकाची, आणि इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे.

लोक चिडवायचे, "बंडीच्या मांगं बैल जुपून राह्यले काऊन, भाऊ?" भाऊ शांतपणे म्हणायचे, "वळणावर समजंन."

पत्रा ठोकून आकार द्यायला आधी साचा लागतो, तो बांबूचा करायची कल्पनाही त्यांचीच. आई टोपली विणायची ती उचलणाऱ्याचं माप घेऊन. इथे तिने कोणाला विचारलंच नाही… जो दिवसभर गाडीशी झटतोय तोच चालवणार, असं धरून सुतळीने भाऊंचं माप घेतलं. भाऊंनीही ते घेऊ दिलं.

ओंडक्याखाली सापडून त्यांचा डावा पाय आखूड झाला होता. साऱ्या चांद्याच्या गाड्या दुरुस्त करायचे, पण क्लचला पाय पोचत नसल्याने एकही कधी चालवली नव्हती. आईने डावी बाजू चार बोटं आखूड विणली आणि भाऊंनी क्लच तिथेच बसवला.

साच्यावर ठोकलेला पत्रा गाडीवर चढला, रेस आठ दिवसांवर आली आणि ती स्वतः चालवणार असलेले ठेकेदार गाडीत बसून पाहायला आले. अंगाने आडवा माणूस… खांदे आत जाईनात.

"चूक माही हाय, मालक," भाऊ म्हणाले.

"नाई, माप म्या घेतलं," आई पुढे झाली. "मले वाटलं, हेच चालवतीन."

ठेकेदारांनी भाऊंच्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आज तू चालवून दाखव. उद्या पत्रा कापून माझ्या मापाचा करू."

भाऊंनी गॅरेजमागच्या मैदानाला तीन फेऱ्या मारल्या, आधी हळू, मग जोरात. वळणावर गाडी जराही घसरली नाही. थांबले आणि उतरेचनात… आम्ही जवळ गेलो तर स्टिअरिंग धरून रडत होते.

"बाई, गाडी चालवली म्या," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी पत्रा कापायला कात्री भाऊंनीच हातात घेतली. आईला तिकडे पाहवेना.

चूक आईचीच होती. तशी एक तरी चूक माझ्या हातून व्हावी, असं मला आयुष्यभर वाटत आलंय…