मला टेबलावर ठेवलं त्याची गोष्ट

"टेबलावर ठेवा त्याला. मागच्यांना दिसू दे."

ठेवा. बसवा नव्हे.

दोघांनी काखेत धरून उचललं आणि गिरगावातल्या त्या सभागृहात मला फुलदाणीशेजारी ठेवलं. अपंगांसाठी आश्रम काढणारे बॅरिस्टर अध्यक्ष होते. त्यांनी हातातल्या छडीनं माझ्या लेंग्याचा पाय वर सारला. लहानपणीच्या तापात वाळलेली माझी काटकी सगळ्या सभेनं पाहिली.

"बोलता येतं का हो याला?" पहिल्या रांगेतून प्रश्न आला. मला नव्हे. मला पाठीवरून घेऊन आलेल्या माझ्या गाववाल्याला, तातूला.

आणि मी काय केलं? हसलो! हात जोडून डावीउजवीकडे नमस्कार केले.

मूर्खपणा इथे संपत नाही. मला वाटलं होतं, भाषणाला बोलावलंय. आठ दिवस घोकत होतो. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, गावमंडळाच्या खोलीत आम्ही वीसेक जण राहायचो. बाकीचे गिरणीत, मी त्यांची पत्रं लिहायचो, वाचायचो. नळ, संडास तळमजल्यावर. तातू पाळीवर जायच्या आधी मला खाली नेऊन आणायचा. तो परत येईपर्यंत मी पाण्याचा घोट घेत नसे. तळमजल्यावर मंडळाचीच एक खोली होती. तिच्यात टाळ, मृदंग आणि गणपतीचं मखर राहायचं. ती मला मिळावी, एवढंच मागायचं होतं. बॅरिस्टरांचा शब्द मंडळ मोडणार नाही, असा माझा कावा.

भाषण पोटातच राहिलं. बॅरिस्टरांनी सोनेरी टोपणाचं पेन दिलं, कागद पुढे केला. अख्ख्या चाळीला "वाचल्याशिवाय सही करू नका रे" म्हणून दम देणारा मी! पेनाच्या ऐटीत न वाचता सही ठोकली. खाली झोकदार रेघसुद्धा ओढली.

खोलीवर येऊन नक्कल वाचली. वडाळ्यापलीकडच्या आश्रमात कायमचा मुक्काम. परवानगीशिवाय फाटकाबाहेर पाऊल नाही.

आयतं जेवण मिळणार म्हणून तातू खूश. "मेल्या, थंय तुका बसान जेवाण गावतला!"

मंडळाची सभा भरली. माझ्या वळकटीची जागा कुणाला द्यायची, तेही ठरलं. मग संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या त्या दिवसांत रोज व्हायचं तसं झालं. सगळे गॅलरीत जाऊन मुठी वळून ओरडले, "मुंबई आमची!" एरवी माझा आवाज सगळ्यांत मोठा. त्या दिवशी मी घोषणा संपू दिली.

"कुणाची रे?" मी विचारलं.

"आपली!"

"मग मला फाटकाआड का धाडताय?"

मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "अरे, तुझ्याच भल्यासाठी. तिथे तुझी सोय होईल."

"सोय इथे करा. खालची खोली द्या. संडासात धरायला एक दांडी ठोका. बाकीचं माझं मी बघतो."

"आणि मखर कुठे ठेवायचं?"

"इथे वर. त्याला संडासला जावं लागत नाही."

मी उंबरठा ओलांडला आणि बुड टेकत, एकेक पायरी, तिन्ही मजले उतरलो. लेंगा फाटला. खालच्या खोलीला कुलूप. दाराला पाठ लावून बसलो, खिशातला कागद मांडीवर ठेवला आणि बॅरिस्टरांना लिहिलं: 'सही मागे घेतली आहे. पुन्हा बोलावलंत तर खुर्ची ठेवा. मी बोलायला येईन.'

या वेळी दोनदा वाचलं. मग सही. रेघ नाही.

तातू खाली आला. सवयीनं पाठ वाकवून समोर बसला. "चल रे वर."

"तातू, आजपासून मला उचलायचं तर आधी विचारायचं," मी म्हटलं. "आणि वर न्यायचं असेल, तर विचारूही नको. मी इथेच राहणार."