बेटावरचा तपासनीस

आपण शाकाहारी आहोत असे बळवंतराव शिर्के आयुष्यात कधीही, कोणालाही म्हणाले नव्हते. बडोद्यात तरसालीच्या सोसायटीत त्यांनी घर घेतले, त्या दिवशी शेजारचे रसिकभाई पटेल पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि म्हणाले, "मराठी म्हणजे ब्राह्मण ने?" बळवंतरावांच्या तोंडात पेढा होता. त्यांनी नुसती मान हलवली. ती उभी हलली की आडवी, याबद्दल शिर्क्यांच्या घरात अजून एकमत नाही. रसिकभाईंनी मात्र ती उभी धरली आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या सोसायटीला कळले की शेजार चांगला मिळाला आहे.

एकदा माणसाला चांगले ठरवले की त्याला तसे राहणे भाग पडते. मकरपुऱ्याच्या कारखान्यात बळवंतरावांच्या हाताखाली पुष्कळ माणसे होती आणि त्यांच्यापुढे ते आवाज चढवून बोलत. पण अंड्यांची टरफले दुधाच्या रिकाम्या पिशवीत बांधून, स्कूटरच्या डिकीत घालून, हायवेवरच्या कचराकुंडीत नेऊन टाकताना ते आजूबाजूला बघत. मासे खायचे ते रविवारी, नागरवाड्यात बहिणीकडे. येताना तोंडात बडीशेप.

"आपले पूर्वज तलवारी घेऊन बडोद्यात आले," मुलगा समरजित म्हणे, "आणि आपण टरफलं लपवतोय."

"तलवार लपवणं सोपं असतं," बळवंतराव म्हणत. "वास लपवायला अक्कल लागते."

वडिलांच्या निवृत्तीनंतर समरजितने सगळ्यांना अंदमानला न्यायचे ठरवले, तेव्हा बळवंतरावांनी एकच मागणे मागितले. समुद्राकाठी, उघड्यावर बसून, डोक्यासकट अख्खा मासा खायचा. खिडकी लावायची नाही, कोण येतेय ते बघायचे नाही. तेवढे झाले की बाकीचे बेट तुम्ही बघा.

बेत पक्का झाला. पण त्यांच्या पत्नी, स्नेहलताबाई, भाजीच्या हातगाडीवर हंसाबेनपाशी बोलून गेल्या. संध्याकाळी हंसाबेनचे यजमान, म्हणजे रसिकभाईच, ओट्यावर येऊन बसले.

"आम्हीपण येतो," ते म्हणाले. "बाहेरगावी खाण्याची फार चिंता असते, शिर्केभाई. तुम्ही साथे असाल, तर चिंता नथी."

समरजित घाईने आत निघून गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

पोर्ट ब्लेअरच्या पहिल्याच हॉटेलात रसिकभाईंनी बळवंतरावांच्या पाठीवर हात ठेवला. "जरा आत जाऊन बघा ने. चोख्खं आहे की नाही. तुमची नजर बराबर."

बळवंतराव आत गेले. बंगाली आचारी हळद लावलेले तुकडे मोहरीच्या तेलात सोडत होता. कढई चुरचुरत होती. तपासणीला लागतो त्यापेक्षा बळवंतराव तिथे जरा जास्तच वेळ थांबले. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे पाणावलेले होते.

"एकच कढई आहे," ते म्हणाले.

खोटे सांगता आले असते. पण दुसऱ्याच्या पोटाची जबाबदारी घेतल्यावर हा माणूस कमालीचा सरळ वागे. हंसाबेननी थेपल्यांचा डबा उघडला. मग सगळे बोटीने हॅवलॉकला गेले. तिथेही बळवंतराव प्रत्येक स्वयंपाकघरात शिरले, खोल श्वास घेतला आणि नापास करून बाहेर आले. थेपले आणि कैरीचा गोड छुंदा. दुसऱ्या दिवशी छुंदा आणि थेपले. बळवंतरावांनाही तेच, कारण तपासनिसाने वेगळे खाऊन कसे चालेल?

बेट अर्थातच सुंदर होते. किनाऱ्यामागे जुनी उंच झाडे, त्यांच्या सावलीपर्यंत आलेली पांढरी वाळू आणि पुढे एकात एक मिसळत गेलेले हिरवे-निळे पाणी. स्नेहलताबाई साडी खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या त्या बाहेर येईनात. समुद्रात उभे राहून स्वतःच्या पायाची बोटे दिसतात, हे त्यांना या वयात कळत होते.

"अहो, इकडे बघा तरी," त्या म्हणाल्या. "तिकडे काय आहे?"

"त्या झोपडीतून धूर निघतोय," बळवंतराव म्हणाले.

तळाला काच लावलेल्या होडीतून सगळे प्रवाळ बघायला गेले. काचेखालून पिवळे, पट्ट्यांचे, पोपटाच्या रंगाचे मासे जात होते. "आजोबा, तो निळा बघा," नात कोमल सारखी ओरडत होती. हंसाबेननी हात जोडले. "केटलुं सरस," त्या पुटपुटल्या. बळवंतरावांनीही हात जोडले. मग त्यांनी होडीवाल्याला हळूच हिंदीत विचारले, हा जाडा आहे तो खातात का. स्नेहलताबाईंनी त्यांना कोपर मारले.

शेवटच्या मुक्कामाला ते लहान नील बेटावर पोचले. दुपारी मंडळी पडली होती. बळवंतराव चपला घालू लागले.

"जरा फिरून येतो."

"हात साबणाने धुऊन या," डोळे न उघडता स्नेहलताबाई म्हणाल्या.

किनाऱ्याच्या टोकाला, नारळांच्या पलीकडे एक टपरी होती. बळवंतराव बाकावर समुद्राकडे तोंड करून बसले. अख्खा मासा आला, डोक्यासकट, कडेला कांदा आणि लिंबू. त्यांनी पहिला तुकडा मोडला आणि ताटावर सावली पडली.

अर्धी चड्डी आणि गवती टोपी घातलेले रसिकभाई उभे होते. बळवंतरावांनी दोन्ही पंजे ताटावर पसरले. मासा मोठा होता. शेपूट आणि डोके बाहेरच राहिले.

"बेसो, बेसो," समोर बसत रसिकभाई म्हणाले. "खाऊन घ्या. थंड होईल."

बळवंतरावांनी पंजे हळूहळू मागे घेतले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"हंसाला पहिल्याच वर्षी. भर दुपारी तुमच्या घरातून अगरबत्तीचा धूर. ती मला बोलली, ह्या टायमाला कुठला देव जागा असतो?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही एवढी मेहनत करत होता. आपण कशाला बगाडायची?"

बळवंतरावांना एकदम राग आला. हायवेपर्यंतच्या त्या सगळ्या फेऱ्या त्यांना आठवल्या. "अहो, मग मला प्रत्येक स्वयंपाकघरात कशाला पाठवलंत?"

"आमच्यात कोणाला वास कळतो?" रसिकभाईंना या प्रश्नाचेच आश्चर्य वाटले. "मला तर मासा कुठला नि फिनाइल कुठलं, समजत नाही. ह्या कामाला जाणकारच पाहिजे ने. पण तुम्ही फार कडक, शिर्केभाई. थेपला खाऊन खाऊन हंसा काल रडली. तिला गरम दाळ-भात पाहिजे. आज रात्री एक तरी रसोडुं पास करा."

"सगळीकडे एकच कढई असते हो."

"ते तुम्ही बघा. तुम्ही चोख्खं म्हटलं, की आम्हाला चोख्खं."

रसिकभाईंनी शहाळे मागवले आणि खुर्ची समुद्राकडे वळवली. "आणि सोसायटीत चालू आहे तसं चालू द्या. मी चेअरमन. मला कोणी सांगितलं नाही, तोपर्यंत मला माहीत नाही. माहीत झालं, तर मीटिंग बोलवावी लागेल."

त्यांनी पाठ केली ती केलीच. बळवंतराव जेवले. मासा ताजा होता, आचाऱ्याने तो बेताने तळला होता. अर्ध्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आले की समोर कोणी बघत नसताना आपला डावा हात ताटाला आडोसा धरून बसला आहे. त्यांनी तो उचलून मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने तो पुन्हा तिथेच होता. मग त्यांनी राहू दिला.

संध्याकाळी ते हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेले. फळीवरचा न वापरलेला कुकर काढायला लावला, तो राखेने दोनदा घासून घेतला, आचाऱ्याच्या हातातले मोहरीचे तेल बाजूला ठेवले आणि डाळीला उकळी येईपर्यंत चुलीपाशी उभे राहिले. मग घाम पुसत बाहेर आले.

"चोख्खं आहे."

हंसाबेनचा चेहरा उजळला. "भाई साथे होय एटले निरांत, चिंता नथी," त्या स्नेहलताबाईंना म्हणाल्या आणि उठून सगळ्यांत आधी बळवंतरावांच्या ताटात भाताचा डोंगर रचला. वर डाळ, वर तूप. टपरीवरचा मासा अजून त्यांच्या पोटात हलला नव्हता. त्यांनी रसिकभाईंकडे पाहिले. रसिकभाई लिंबू पिळण्यात गुंतले होते. तपासनीसच जेवत नाही म्हटल्यावर स्वयंपाकघराबद्दल संशय येणार, हे उघड होते. बळवंतरावांनी पट्टा एक भोक सैल केला आणि भात कालवायला घेतला.