नत्थूभाऊ आणि रेव्हरंडसाहेबांचा दगड

नत्थूभाऊ दाविद हा आमच्या मंडळीचा कबरी खोदणारा माणूस. उमरेडच्या विणकराचा मुलगा. घरातला हातमाग बंद पडला, बाप मेला, आणि मिशनच्या साहेबाने त्याला एकाच आठवड्यात बाप्तिस्मा दिला आणि फावडं दिलं. "बाप्तिस्म्याचं पानी वाळून गेलं," तो म्हणायचा, "फावडं अजून हाये."

चाळीस वर्षं तो उमरेड रोडच्या आमच्या दफनभूमीत खड्डे करत होता. फाटकाजवळच्या एका खोलीत राहायचा. मूलबाळ नव्हतं. बायको गोपिका अठ्ठावन्न साली गेली होती. चाळीस वर्षांत मंडळीतल्या कोणी त्याला जेवायला बोलावल्याचं मला आठवत नाही. मेलेल्या माणसाच्या घरचा चहा मात्र त्याला मिळे, अंगणात, उभ्याने.

माझी त्याची ओळख झाली पंचाहत्तरच्या जानेवारीत. मी मराठी घेऊन बी.ए. झालो होतो आणि रिकामा होतो. त्या वर्षी मंडळीला शंभर वर्षं होत होती. आमचे सेक्रेटरी मनोहरराव बेंजामिन यांनी दिवंगत सभासदांच्या स्मरणार्थ एक पुस्तिका काढायचं ठरवलं. दगडांवरचा मजकूर उतरवून आणायचं काम मला दिलं. मी फुकट होतो, एवढीच माझी लायकी.

नत्थूभाऊला वाचता येत नव्हतं. मी दगड वाचायचो, तो बाजूला उभा राहून माणूस सांगायचा.

"प्रार्थनेत सदा जागृत," मी वाचलं.

"घोरत होता. मागच्या बाकावर. दोनदा खाली पडला."

"अनाथांचा पिता."

"हाव. त्यातले दोघं खरंच त्याचेच होते."

"शांत, मितभाषी पत्नी."

"तिले बोलू कोन देत होतं?"

मी हसलो. तो हसला नाही. त्याला हे विनोद वाटत नव्हते. त्याने या सगळ्यांना खांद्यापर्यंत उचललं होतं, खाली सोडलं होतं, आणि कोण किती रडलं ते पाहिलं होतं. मंडळीबद्दल त्याला जो तुच्छभाव होता तो मेहनतीने कमावलेला होता. मला तो उगीचच आवडला. नंतर तो माझाही झाला.

तिसऱ्या दिवशी आम्ही रस्त्याकडच्या भिंतीजवळ आलो. तिथे चांगले दगड होते. काळे, घोटलेले, एका रांगेत. बाकीची दफनभूमी वेडीवाकडी होती.

"ही रांग कशी सरळ आहे," मी म्हणालो.

"सरळ राहीनच. दगडाचा मानूस खाली नाई ना."

मला कळलं नाही. तो कबरीच्या कट्ट्यावर बसला आणि बिडी पेटवून सांगू लागला.

बासष्ट साली रस्ता रुंद व्हायचा होता. दफनभूमीची एक पट्टी जाणार होती. त्या पट्टीत एकतीस कबरी होत्या, सगळ्या मोठ्या घरांच्या. त्या उकरून माणसं आत हलवायची, तर अर्ज, परवानग्या, वास, रडारड. मनोहरराव तेव्हाही सेक्रेटरीच होते. पंचांची बैठक झाली आणि ठरलं की माणसं राहू द्यायची, दगड तेवढे उचलायचे. नवी भिंत आत आली. दगड भिंतीच्या आत ओळीने लावले. त्यासाठी जागा हवी होती. जागा गरिबांच्या कबरींची होती. त्यांच्यावर लाकडी क्रॉस होते आणि ते वाळवीने खाल्ले होते.

"म्हणजे ही एकतीस माणसं?"

नत्थूभाऊने भिंतीपलीकडे बोट केलं. खाणीतून आलेला कोळशाचा ट्रक धडधडत गेला. भिंत हलली.

"तिथं हायेत," तो म्हणाला. "रोज दाबून राह्यले त्याहीले."

मग तो उठला आणि रांगेतल्या सगळ्यांत मोठ्या दगडापाशी जाऊन उभा राहिला. रेव्हरंड बेंजामिन यांचा दगड. मनोहररावांचे वडील.

"इथं माही गोपिका हाये."

मी वही मिटली.

"मी तवाच म्हनलं, साहेब, इथं नोका ठेवू. तं मनोहरराव म्हने, नत्थू, दगड कुठंतरी ठेवावाच लागन ना. तेरा वर्षं झाले. दर ईस्टरले बेंजामिनचं खानदान येते. मेनबत्त्या लावते, फुलं टाकते, रडते बी. माह्या गोपिकेले जिवंतपनी कोनी फूल नाई देल्लं."

तो खोकला. बराच वेळ खोकला.

"आता माह्यं काही खरं नाई, बीए. मले इथंच जायचं हाये. तिच्यावर. दुसरं काई नाई पायजे."

आमच्यात ते चालतं. पंधरा वर्षं झाली की नवऱ्यासाठी बायकोची किंवा बायकोसाठी नवऱ्याची कबर उघडता येते. पंचांना विचारायचं, दगड दाखवायचा, झालं. अर्ध्या मंडळीने तसंच केलं आहे.

आम्ही रामदासपेठेत मनोहररावांच्या बंगल्यावर गेलो. मला खुर्ची मिळाली. नत्थूभाऊ दाराशी उभा राहिला.

"सलाम, साहेब."

"सलाम, नत्थू. बोल."

तो बोलला. मनोहररावांनी शांतपणे ऐकलं. ते फार चांगले ऐकतात. सगळी मंडळी त्यांच्या या गुणाची तारीफ करते.

"तुझी बायको तिथंच आहे याचा काही पुरावा?"

"मीच पुरली ना, साहेब."

"दगड आहे?"

"दगड तुमच्या बापाचा हाये."

मनोहरराव माझ्याकडे पाहून हसले. दोन शिकलेली माणसं हसतात तसं. मीही ओठ हलवले, ते मला आठवतं.

"हे बघ नत्थू, तू म्हातारा झालास, आठवणी मागेपुढे होतात. कोपऱ्यात नळाजवळ तुझ्यासाठी जागा ठेवू. आणि काळजी कसली? शेवटच्या दिवशी आपण सगळेच उठणार आहोत. तेव्हा भेटशील तिला."

बाहेर आल्यावर नत्थूभाऊने फाटक हळू लावलं. 

"भैताड," मग म्हणाला. "शेवटच्या दिवशी ह्याचा बाप डांबर फोडून निघन, तवा पाहू."

मी संतापलो होतो. लोकांना सांगायचं ठरवलं. एकतीस घरांना फसवलं होतं, त्यांत माझंही घर होतं. आजोबांचा दगड त्याच रांगेत होता. दर ईस्टरला मी त्यावर झेंडू वाहिला होता. सुरुवात घरापासून केली. आई तांदूळ निवडत होती.

"आई, आजोबा त्या दगडाखाली नाहीत."

"माहीत आहे."

मला वाटलं, तिने नीट ऐकलं नाही. मी परत सांगितलं.

"अरे माहीत आहे ना. बैठक झाली तेव्हा तुझे बाबा होते तिथं."

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांनाच. न माहीत असायला काय झालं? रस्ता दिसतो की."

"मग फुलं कुणाला वाहता?"

तिने सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "मग काय भर रस्त्यात वाहायची? दगड आहे, नाव आहे, बसायला सावली आहे. तुझं आपलं काहीतरीच."

 कोणालाच फसवलेलं नव्हतं. दोनशे माणसं तेरा वर्षं, पहाटे, मेणबत्त्या हातात धरून, डोळे पुसत, खोट्या जागी गीतं म्हणत होती, आणि प्रत्येकाला ठाऊक होतं. फसलेल्या माणसांची मला दया आली असती. इथे दया करायलाही कोणी सापडत नव्हतं.

हे मी नत्थूभाऊला सांगितलं. त्याच्या तोंडावरचा रंगच गेला.

"सगळ्यांले माहीत हाये?"

"सगळ्यांना."

त्यालाही हे माहीत नव्हतं. मनोहरराव आणि चार पंच सोडले तर कोणालाच ठाऊक नाही असं तो समजत होता. तेरा वर्षं त्याने तोंड बंद ठेवलं होतं. कुणाची म्हातारी आई दगडाला कवटाळून रडायची, तेव्हा तो लांब जाऊन उभा राहायचा. तिला कळू नये म्हणून. ज्यांना तो तुच्छ मानत होता त्यांच्यासाठी त्याने एवढं सांभाळलं होतं, आणि ती म्हातारीही जाणूनच रडत होती.

तो खाली बसला. मग हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला.

"मंग तं सोपं हाये, गा बीए."

"काय सोपं आहे?"

"ज्याहीले दगड हलवलेला दिसत नाई, त्याहीले अजून एकदा हलवला तं काहून दिसन?"

ईस्टरच्या आदल्या शनिवारी सकाळी सगळी घरं येऊन आपापले दगड धुऊन गेली. दुपारी उन्हात चिटपाखरू नव्हतं. आम्ही दोन सबली घेतल्या. रांगेच्या टोकाचा रेव्हरंडसाहेबांचा दगड चार हात डावीकडे सरकवला. तिथे कडक मुरूम होता, कधी कोणाला पुरलं नव्हतं. नत्थूभाऊने मोकळी झालेली जागा झाडली, पाणी मारलं, पायाने चोपून सपाट केली. तो हे सगळं घाई न करता करत होता. मी घामाने भिजलो होतो आणि सारखा फाटकाकडे पाहत होतो.

पहाटे मंडळी आली. मनोहरराव कुटुंब घेऊन थेट जुन्या जागी गेले. थांबले. खाली सपाट माती. मग त्यांनी डावीकडे पाहिलं. मग नत्थूभाऊकडे.

"सलाम, साहेब," नत्थूभाऊ म्हणाला.

त्यांच्या बायकोने विचारलं, "अहो, दगड इकडे होता ना?"

"नाही. तिथंच होता. चल."

ते चार हात डावीकडे गेले. मागून सगळं खानदान गेलं. मेणबत्त्या लागल्या. त्या दिवशी मनोहररावांनी वडिलांसाठी फार लांब प्रार्थना केली. माझ्या आजूबाजूला पन्नास माणसं ते पाहत होती. कोणीही बोललं नाही. आईने मला फुलं पुढे करायला सांगितलं.

त्या वर्षात मंडळीतली तिघं गेली. नत्थूभाऊने त्यांना दुसरीकडे जागा दाखवल्या. पुस्तिकाही निघाली. तिच्यात नत्थूभाऊ नव्हता, कारण तो जिवंत होता. गोपिका नव्हती, कारण तिच्यावर दगड नव्हता.

दिवाळीनंतर तो अंथरुणाला खिळला. मी त्याला भाकर आणि दूध नेऊन द्यायचो.

"तू दाखवजो जागा," तो म्हणाला. "म्हनजो, मोकळी हाये. बस. जास्ती बोलू नोको. तुह्यानं खोटं बोलनं होत नाई."

"हे खोटं नाही का?"

"हे त्याहीचंच खोटं हाये. आपन फक्त वापरून राह्यलो."

दोन दिवसांनी तो गेला.

पेटी आणली, लोक आले, पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं, आणि मग लक्षात आलं की खड्डाच नाही. चाळीस वर्षं खड्डा आपोआप तयार असे. तो कोण करतो याचा विचार कोणी केला नव्हता. करणारा पेटीत होता. रस्त्याच्या कामावरचे दोन मजूर बोलावून आणले.

"कुठं खोदायचं?" त्यांतल्या मोठ्याने विचारलं.

"नळाजवळ," मनोहरराव म्हणाले.

मी पुढे झालो.  "नळाजवळ पाणी लागतं. ही जागा मोकळी आहे. इथे कोणाचाही दगड नाही."

सगळ्यांनी त्या जागेकडे पाहिलं. मग मनोहररावांकडे पाहिलं. तिथे कोणी आहे म्हटलं, की कोण ते सांगावं लागणार होतं. आणि वडील कुठे आहेत तेही. त्यांनी रुमालाने मान पुसली.

"ठीक आहे," ते म्हणाले.

दोन तास लागले. मंडळी उन्हात उभी होती. पाठ असलेली गीतं संपली, पहिलं परत सुरू केलं. छातीएवढ्या खड्ड्यातून मोठ्या मजुराने डोकं वर काढलं.

"साहेब, फळी लागली. हाडं हायेत. इथं पयलेच कोनी हाये."

गीत थांबलं. पाळकसाहेबांनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं. आई जमिनीकडे पाहत होती. दोनशे लोकांत एकाचाही चेहरा बदलला नाही.

"कोणी नाही," मनोहरराव म्हणाले. "जुनं काहीतरी असेल. खोद तू."

मागून कोणीतरी गीत धरलं. या वेळी सगळे मोठ्याने गायले.

मजुराने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याने डोक्याचा दुपट्टा सोडला, खाली वाकून हाडं त्यात गोळा केली आणि खड्ड्यातच एका कडेला नीट ठेवली. दोन्ही हात जोडले. तो आमच्या मंडळीचा नव्हता.

पेटी खाली सोडली. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. मनोहररावांनी सर्वांत आधी.

फाटकाशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चांगली जागा मिळाली हो त्याला," ते म्हणाले.

मी हो म्हणालो.