लाल झाकणाचं ताट

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात किस्से साचतात ते एक्झॉस्ट पंख्यावर तेलाचा चिकटा साचतो तसे. कोणी मुद्दाम लावत नाही, कोणी पुसत नाही. एक दिवस पंखा फिरायचा थांबतो तेव्हा कळतं, अरे, एवढं जमलं! आमच्या सुरतेच्या हॉस्पिटलातले किस्से मी चारचौघांत सांगतो तेव्हा लोक पोट धरून हसतात. हसा बापडे. मला सांगताना आजही हसू येत नाही.

मी पाटील. चौथी पास, पारोळ्याकडचा. पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये रंगाच्या वाफेनं छाती धरली, म्हणून एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात स्वयंपाकाला लागलो. सुरतेत मोठ्या पातेल्यात रांधणाऱ्या माणसाला 'महाराज' म्हणतात. जात विचारत नाहीत, पगारही त्या नावाला शोभेल असा देत नाहीत. गादी म्हणाल तर कांद्याचं पोतं!

* * *

कर्णिकबाई यायच्या आधी आमच्याकडे पथ्य एकच होतं. खिचडी. हाड मोडलं, खिचडी. टायफॉइड, खिचडी. बाळंतीण असेल तर खिचडीवर तूप. डॉक्टर 'हलका आहार' लिहायचे आणि हलकं म्हणजे काय ते मी ठरवायचो. सुखाचे दिवस!

मग पुण्याहून या बाई आल्या. डाएटिशियन. चष्मा लावलेली कोवळी पोर आणि पिशवीत पुस्तकंच पुस्तकं. आल्या आल्या ताटांच्या झाकणांना रंग दिले. पिवळं झाकण कावीळ, हिरवं शुगर, निळं बीपी, लाल किडनी. मी म्हटलं, "बाई, होळी आहे का?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पाटीलकाका, औषध चुकलं तर कुणीतरी विचारतं, कोणी दिलं? जेवण चुकलं तर कोणी विचारतही नाही. माणूस जातो आणि लोक म्हणतात, आजारच मोठा होता."

तेव्हापासून माझं डोकं बिघडलं ते बिघडलं. प्लेगच्या साली अर्धं सुरत मिळेल त्या गाडीनं पळालं, तेव्हा मी तोंडाला रुमाल बांधून आमटी ढवळत होतो. भीती होतीच, पण ती सगळ्या गावाची होती. ही झाकणांची भीती माझी एकट्याची!

त्यात लाल झाकणाचं एक ताट घरचंच म्हणावं असं होतं. ताटं वर नेणारी आमची सिंधू, धुळ्याकडची. तिचा नवरा भिला माझ्याबरोबर डाईंगला होता. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. मशीनवर रक्त धुऊन घ्यायचा आणि किडनी वॉर्डातल्या खाटेवर पडून मला शिव्या द्यायचा.

"महाराज, हे जेवण आहे का शिक्षा? मीठ नाही, तिखट नाही. बटाटा तर धुऊन धुऊन साबणाच्या वडीसारखा केलाय!"

खरंच होतं ते. बाईंच्या हुकमानं लाल झाकणाचा बटाटा चिरून भिजवायचा, उकडायचा आणि पाणी मोरीत. चव पाण्याबरोबर मोरीत.

* * *

ठरलेलं पथ्य ठरलेलंच राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण बाईंकडे पोस्टानं नवी पुस्तकं यायची. टपालवाला गेटवर दिसला की मी ढवळणं थांबवायचो. आता काय बदललं?

काविळीचंच घ्या. पिवळ्या झाकणाला तेल बंद, तूप बंद, डाळ बंद. उसाचा रस आणि ग्लुकोज. मी इमानानं तेच केलं. मग एक दिवस बाई पुस्तक बंद करून म्हणाल्या, "काका, उद्यापासून पिवळ्या झाकणात डाळ द्या. थोडं तूपही. त्यांना ताकद हवी."

"बाई, गेल्या वर्षी तुम्हीच म्हणालात ना, तूप म्हणजे विष?"

"गेल्या वर्षी पुस्तकात तेच होतं."

"मग गेल्या वर्षीच्या पेशंटांचं काय?"

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. म्हणाल्या, "म्हणून तर मी घाबरते, काका."

त्या दिवशी मला पहिल्यांदा ती बाई आवडली.

पण किस्सा पुढेच आहे. वॉर्डात बारडोलीचा एक काविळीवाला होता. घरचाच ऊस, त्यामुळे उशाशी रसाची कळशी. डाळ-तुपाचं ताट पाहून त्याची आई किंचाळली, "मारा दीकराने मारी नाखवो छे?" मला वर बोलावणं आलं. मी वर गेलो तर म्हातारीनं ताट माझ्यापुढे सरकवलं. "पहेलां तमे खाव!"

मी बसलो, खाल्लं. तिनं माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मला काही होईना, म्हणून म्हणाली, हजी खाव. मी आणखी खाल्लं. तूप चांगलं होतं. शेवटची वाटी चाटून पुसून खाली ठेवली तर म्हातारी रडायला लागली, "हवे एने शुं आपुं?" आता पोराला काय देऊ म्हणून!

हसू नका. त्या दिवसापासून वॉर्डात पद्धतच पडली. आधी नातेवाईकानं एक घास खायचा, मग पेशंटला द्यायचं. माझ्या हातच्या जेवणावर एवढा विश्वास! नर्सा ओरडल्या, बाई ओरडल्या, पद्धत काही मोडली नाही.

* * *

आता भिंतीचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच अडलं.

बाई प्रत्येक बदलाचा मोठा तक्ता स्वतः लिहून भट्टीशेजारच्या भिंतीवर लावायच्या. एका बाजूला रंग, समोर काय द्यायचं, काय नाही. त्यांची सक्त ताकीद होती की नवा तक्ता लागला की जुना भट्टीत! पण भिंतीचा ताबा होता आमच्या स्टोअरकीपर ठाकोरभाईंकडे. त्यांना भिंत पोटच्या पोरीसारखी.

"काढवानी शी जरूर? भींत बगडशे," म्हणायचे, आणि जुन्यावरच नवा चिकटवायचे. चिकटवायला काय, तर मिलमधून आणलेली ताण्याला लावायची खळ! कापड कडक होतं त्या खळीनं, पण भिंतीवर आमटीची वाफ लागली की ती सुटते. तक्त्यावर तक्ता, तक्त्यावर तक्ता. खाखऱ्याची चळतच.

एका सकाळी वरचा कागद वाफेनं गुंडाळला गेला आणि खालचा दिसू लागला. कुणाच्या लक्षात आलं नाही. खालच्या तक्त्यात टायफॉइडला फक्त भाताची पेज होती. नव्यात मऊ भात, दही, केळं. त्या दिवशी सगळ्या टायफॉइडवाल्यांना पेज गेली.

थोड्या वेळानं जिन्यावर धपधप आवाज. एक ट्रक ड्रायव्हर, एका हातात सलाइनची बाटली उंच धरलेली, दुसऱ्या हातात पेजेचा वाडगा. मागे बाकीचे चार जण, मोर्चाच!

"महाराज, फाँसी दे दो! पर ये पानी मत दो!"

आम्ही हसलो. ठाकोरभाई तर खुर्चीवरून पडायचे बाकी होते. बाई आल्या, त्यांनी भिंत पाहिली आणि चेहरा पांढरा फटक. लोंबणारा कागद तळव्यानं दाबून धरत हळूच म्हणाल्या, "टायफॉइडवाला चिडला म्हणून कळलं, काका. किडनीवाला चिडणार नाही. तो गप्प होईल."

माझं हसू तिथंच मेलं.

मी विचारलं, "खालच्या तक्त्यात लाल रांगेत काय लिहिलंय?"

बाईंनी सांगितलं. तेव्हा बाजारात डब्यातलं एक नवं मीठ आलं होतं. खारट लागतं, पण बीपीवाल्याला चालतं. पहिल्या तक्त्यात ते किडनीलाही चालेल असं होतं. मग पुस्तक बदललं. त्या मिठात पोटॅशियम. पोटॅशियम म्हणजे काय ते मला आजही विचारू नका. किडनीवाल्याच्या अंगात ते साचलं की हृदय चालता चालता थांबतं, एवढं मला कळलं. तेवढं पुरे झालं.

"भिंत खरवडा," बाई ठाकोरभाईंना म्हणाल्या.

"दिवाळीए रंग करावशुं, त्यारे," ठाकोरभाई म्हणाले, आणि चार टाचण्या आणून दिल्या.

* * *

दिवाळी लांब होती. म्हणून बाईंनी नवीन नियम काढला. रोज सकाळी सगळ्यांनी भिंतीपुढे उभं राहायचं. त्या वाचणार, आम्ही मागून म्हणणार. "लाल झाकण! नवं मीठ नाही! नारळपाणी नाही! बटाटा धुतलेला!" सिंधू डोळे मिटून, हात जोडूनच म्हणायची. तिला ती आरतीच होती.

एकदा ट्रस्टी शेठ तपासणीला आले. दारातून आमचा एकसुरी घोष ऐकला आणि त्यांनी चपला बाहेर काढल्या. शेवटपर्यंत हात जोडून मागे उभे. मी घाबरलो, हा माणूस आता कोणाला काढतो? घोष संपल्यावर शेठ पुढे आले आणि ओंजळ पसरली. "प्रसाद?"

सिंधूनं पुढे होऊन लाल झाकणातली उकडलेल्या दुधीची फोड त्यांच्या हातावर ठेवली. शेठनी कपाळाला लावून तोंडात टाकली. चावली. थांबले. पुन्हा चावली.

"आ कया भगवाननो?" त्यांनी विचारलं.

"किडनीचा," मी म्हटलं.

* * *

आता शेवटचा.

बाई दोन दिवस मुंबईला गेल्या होत्या. पुन्हा काहीतरी बदललं होतं, ते शिकायला. जाताना मला म्हणाल्या, "काका, भिंतीकडे लक्ष ठेवा." मी म्हटलं, "बाई, मी आंधळा नाही." सकाळी मीच वाचलं, सगळे मागून बोलले. टाचण्या जागेवर होत्या. गंजलेल्या, पण जागेवर.

माझा जोडीदार गावी गेला होता, म्हणून बदली स्वयंपाकी आला होता. कामाला चांगला, पण नवा. त्याला सांगितलं, "शंका आली की भिंत बघ." आणि मी गेटवर गेलो. भाजीच्या टेम्पोवाल्यानं सडका दुधी आणला होता आणि ठाकोरभाई तो घ्यायला निघाले होते. मी दोघांशी मनसोक्त भांडलो.

परत आलो तर आमटीच्या पातेल्याचं झाकण उघडं. वाफेनं खोली भरलेली. एक टाचणी जमिनीवर. आणि भिंतीवर जुना तक्ता!

नवा भट्टीच्या मागे पडला होता.

मी बदलीवाल्याला विचारलं, "लाल झाकणाची भाजी तू केलीस?"

"हो महाराज." खुशीत होता. "अळणी भाजी बघून दया आली. भिंतीवर लिहिलंय ना, नवं मीठ चालतं म्हणून! टाकलं थोडं."

ओट्यावर लाल झाकणाची ताटं होती. मी ती धडाधड मोरीत उलटी केली. मग पाहिलं, एक कमी होतं. भिलाचं. सिंधू त्याचं ताट नेहमी सगळ्यांच्या आधी वर न्यायची.

लिफ्ट कुठल्यातरी मजल्यावर स्ट्रेचर घेऊन अडकलेली. मी जिन्याकडे पळालो. डाईंगची छाती, चढताना भात्यासारखी वाजत होती. नर्स ओरडली, "महाराज, शुं थयुं?" मी थांबलो नाही. डोक्यात एकच. किडनीवाला चिडणार नाही. तो गप्प होईल.

वॉर्डात शिरलो. भिला भिंतीकडे तोंड करून पडला होता. चादर कानापर्यंत. गप्प.

रोज मला पाहिलं की शिवी देणारा माणूस, गप्प!

मी खाटेजवळ गेलो. त्याच्या खांद्याला हात लावायचं धाडस होईना. शेवटी लावला. हलवला. पुन्हा हलवला.

"ओ महाराज!" भिला एकदम उसळला. "उपाशी माणसाला निदान झोपू तरी द्या! ही बाई मला जेवूच देत नाही. केव्हाची ताट घेऊन बसलीये देवी!"

मी खाटेच्या पलीकडे पाहिलं. स्टुलावर सिंधू बसली होती. मांडीवर ताट, ताटावर लाल झाकण, आणि झाकणावर तिचे दोन्ही पंजे असे दाबलेले की बोटांची टोकं पांढरी पडलेली. ओठाच्या कोपऱ्याला भाजीचा एक कण चिकटलेला.

"सिंधू," मी म्हटलं. "का दिलं नाहीस गं त्याला?"

तिनं हात काढले नाहीत. माझ्याकडे वर पाहिलं.

"रोज चव नही. आज चव लागनी, दादा."