फुकट बसलेला शब्द

आमच्या काकांना पसंत पडेल अशी वस्तू अजून या पृथ्वीवर तयार व्हायची आहे. काका म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलते. डोंबिवलीत आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात एकटे राहतात; जेवायला आमच्याकडे येतात. मोहने गावच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी सूत तपासण्यात गेली. रिळं समोरून जायची आणि काका त्यातली खोट काढायचे. कारखान्यानं त्यांना निवृत्त केलं, पण ती नजर काही परत मागून घेतली नाही. त्यामुळे लग्नाला गेले की अक्षता टाकण्याआधी ते मांडवाचे खांब ओळंब्यात आहेत का ते बघतात. माझी पोळी खाण्यापूर्वी उजेडासमोर धरतात. एका नवरात्रात ठाण्याला टेंभी नाक्यावर आम्ही रांगेत ताटकळून अखेर देवीसमोर पोचलो, तर काकांनी हात जोडले आणि जोडल्या हातांनीच मंडळाच्या कार्यकर्त्याला सांगितलं, की डावीकडची माळ उजवीपेक्षा बोटभर खाली आहे. तो माणूस निमूटपणे स्टुलावर चढला. माळ खरंच खाली होती.

पण काकांची खरी भूक भागते ती रविवारी. ठाण्याहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात त्या दिवशी गूढ शब्दकोडं येतं. साध्या कोड्यात सरळ अर्थ विचारतात. गूढ कोड्यात सूत्राच्या, म्हणजे शब्द ओळखायला दिलेल्या ओळीच्या, पोटातच उत्तर दडवलेलं असतं आणि वरून वाक्य अगदी साळसूद दिसतं. कोडं सोडवायला काकांना चहा निवेपर्यंतचा वेळ पुरतो. त्यानंतर ते लाल पेन उघडतात आणि परीक्षणाला बसतात, ते थेट जेवणाची पानं घेईपर्यंत. न आवडलेल्या सूत्रासमोर ते कारखान्यातल्यासारखा 'परत' असा शेरा मारतात. चांगल्या रिळांवर तिथे 'पास' लिहायचे म्हणे. तो शेरा मात्र मी कोड्यावर कधी पाहिला नव्हता.

त्यांचा नियम एकच. सूत्रातला प्रत्येक शब्द कामावर पाहिजे, फुकट बसलेला एकही नको. एकदा सूत्र आलं होतं, 'नदी उलटी फिरली आणि बिचारा गरीब झाला.' नदी उलटी वाचली की दीन, म्हणजे गरीब. मला ते सूत्र फार गोड वाटलं होतं. काकांनी 'बिचारा'खाली लाल रेघ ओढली. म्हणाले, "नदी कामावर आहे, उलटी कामावर आहे, गरीब कामावर आहे. हा बिचारा इथे काय करतोय? नुसता पगार खातोय."

मला ते सूत्र गोड वाटलं, कारण ते माझं होतं. हे कोडं मीच रचते. संपादकांनी एक भारदस्त पुरुषी टोपणनाव दिलं आणि पहिलं कोडं छापून आलं, तेव्हा मी काकांना मोठ्या कौतुकानं सांगणारच होते. पण मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी, हा कोण गृहस्थ आहे त्याला आधी धरून बाराखडी शिकवायला हवी, असं जाहीर केलं. मी मुकाट्यानं आमटी वाढली. तेव्हापासून दर रविवारी मी माझ्याच टेबलावर, माझ्याच हातचं जेवताना, माझ्याच अब्रूचे धिंडवडे ऐकत आले. राग यायचा. पण सोमवारी नवं कोडं रचायला बसले की तोच लाल पेन डोळ्यांसमोर यायचा आणि एखादा शब्द मी आपणहून खोडायची.

गेल्या वर्षी काकांच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जातं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवू. काकांनी कुणालाही न सांगता पेपरवाल्याला ते साप्ताहिक बंद करायला सांगितलं. त्या रविवारी पोळी वाढली, ती त्यांनी उजेडासमोर धरली नाही, तशीच खाल्ली. मीच म्हटलं, काका, काहीतरी नावं ठेवा की. तर म्हणाले, "सूनबाई, तो फुकट बसलेला शब्द आता मीच."

मी आमच्याकडचा अंक घेतला आणि समोर बसून वाचायला लागले. आधी ते रुसल्यासारखे भिंतीकडे बघत राहिले. चौथ्या सूत्राला न राहवून उत्तर सांगितलं, पाचव्याला खोट काढली. चौकट त्यांनी डोक्यात मांडली होती. कुठला शब्द कुठे कुणाला छेदतो हे ते मला सांगत होते. पण माझ्या लक्षात आलं की कागदावर डौलदार दिसणारी माझी सूत्रं मोठ्यानं वाचताना धापा टाकतात. ऐकणाऱ्याच्या हातून शेवटापर्यंत सुरुवात निसटते. तेव्हापासून मी सूत्र आधी बोलून बघते. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना पुटपुटत असते. घरातल्यांनी विचारणं सोडून दिलं आहे.

परवाच्या रविवारी कोडं संपलं आणि काकांनी पेन मागितला. अंक चाचपून त्यांनी समासात काहीतरी लिहिलं. अक्षरं समास सोडून चौकटीत घुसली होती, पण वाचता येत होती. 'पास' लिहिलं होतं.

मी तो शेरा पुन्हा एकदा वाचला. काका म्हणाले, "हा गृहस्थ हल्ली लिहिण्याआधी मोठ्यानं वाचत असावा. घरात कुणीतरी ऐकणारं असणार त्याच्या."

मी म्हटलं, असेल.

"भेटला तर सांग त्याला. म्हणावं, ऐकणारा अजून कामावर आहे."

सांगते म्हटलं, आणि पोळी वाढली. काकांनी ती उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरली, मान तिरपी करून, डोळ्याच्या कडेनं. बराच वेळ बघून म्हणाले की एका बाजूला जाड झाली आहे.